चाक धरायचं कुठून

तारेला एकच काम येतं, ओढण्याचं. ढकलणं तिला जमत नाही. सायकलच्या चाकातली एक तार काढून टेबलावर उभी धरा आणि वरून बोटाने दाबा. लगेच पोक येईल. माझ्या मामाची एमजी टीसी ही जुनी इंग्रजी मोटार मात्र अशाच तारांवर उभी आहे. दर चाकात ४८ तारा, आणि गाडीचं वजन ८०० किलोच्या आसपास. लहानपणी मला यात काहीतरी हातचलाखी असणार असं वाटायचं.

बैलगाडीचं चाक समजायला सोपं. लाकडी आरे जाडजूड, वरचा भार मधल्या तुंब्यातून खालच्या आऱ्यात उतरतो आणि तिथून जमिनीत. तारेच्या चाकाचा हिशेब वेगळा आहे. चाक बांधतानाच सगळ्या तारा अशा ताणून ठेवतात की रिम चहूबाजूंनी आत ओढली जात असते आणि हब, म्हणजे या चाकाचा तुंबा, मधोमध अडकून राहतो. गाडीचा भार आला की जमिनीलगतच्या मोजक्या तारांचा ताण थोडा उतरतो. बाकीच्यांना फारसा पत्ताही लागत नाही. ताण उतरणं म्हणजेच इथे भार घेणं. सैल तारेकडे उतरवायला काही शिल्लकच नसतं, त्यामुळे ती असून नसल्यासारखी होते आणि तिचा वाटा शेजारणींवर पडतो. मग शेजारणी थकतात आणि तुटतात, बहुतेक वेळा हबच्या भोकात बसणाऱ्या त्या वाकापाशी.

ही कल्पना जॉर्ज केली नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८०८ मध्ये वहीत काढून ठेवली होती. तीही उडणाऱ्या यंत्राला हलकं चाक हवं म्हणून, जेव्हा असलं यंत्र जगात कुठेच नव्हतं. पुढे १८७४ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने तारा हबला तिरप्या लावायचं पेटंट घेतलं. सरळ त्रिज्येवर लावलेली तार हब फिरू लागला की आधी तिरकी होते आणि मग ओढते. मुळात तिरपी लावलेली तार पहिल्या क्षणापासून ओढते. आजही बहुतेक सायकलींकडे पाहिलं तर तारा एकमेकींना ओलांडून गेलेल्या दिसतात, त्या यामुळे. मोटारीसाठी चटकन काढता येणारं तारेचं चाक आलं ते १९०८ च्या सुमारास, तेही कॉव्हेंट्रीतूनच, रज-व्हिटवर्थ कंपनीच्या जॉन प्यू यांच्या डोक्यातून.

टीसीची चाकं याच जातीची. मधोमध दोन कानांचा एकच मोठा नट. हबवर लांबट खाचा असतात, त्यांना स्प्लाइन म्हणतात, आणि चाकाच्या पोटात त्यांना जुळणाऱ्या तशाच खाचा. इंजिनाने ओढलं किंवा ब्रेक लागला की तो जोर या खाचांतून जातो. चाक मधोमध राहावं ही जबाबदारी मात्र खाचांची नाही. ती दोन उतारांची आहे: हबच्या मुळाशी एक शंकूसारखा उतार आणि नटाच्या आतल्या अंगाला दुसरा. नट आवळला की चाक या दोन उतारांत दोन्हीकडून धरलं जातं. खाचांत थोडी फट असतेच, असावीच लागते, नाहीतर चाक बाहेरच येणार नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढे सगळं घोडं इथेच अडणार आहे.

नटाच्या आट्यांची गंमतही सांगून टाकते. डाव्या चाकांना नेहमीचे आटे, उजव्या चाकांना उलटे. गाडी पुढे जाताना चाक ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने नटाचा कान ठोकला की तो सुटतो. ऐकणारा प्रत्येक जण विचारतो, मग चालता चालता सुटणार नाही का? नाही सुटत. भाराखाली चाक त्या उतारावर अगदी सूक्ष्म लोळत असतं, आणि त्या लोळण्याने नट आवळण्याकडेच सरकतो. डावं-उजवं अदलाबदल झालं तर मात्र हाच हिशेब उलटतो आणि आपलं चाक आपल्याला ओव्हरटेक करून जाऊ शकतं. म्हणून हब उघडले की मामा त्यांच्यावर पांढऱ्या रंगाने ‘डा’ आणि ‘उ’ लिहितो. ठोकायला तांब्याचा हातोडा, तो दुसऱ्या कुठल्याही कामाला वापरायचा नाही, असा घरात नियम आहे.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. ठाण्याच्या नौपाड्यात राहतो. सत्तरच्या दशकात पेट्रोल भडकलं आणि लोक घरातल्या जुन्या गाड्या मिळेल त्या भावाला काढायला लागले, तेव्हा त्याने ही १९४८ ची गाडी घेतली. उंच, सडपातळ चाकं, १९ इंची, हल्लीच्या मोटरसायकलची वाटावीत अशी. मागे पेट्रोलच्या टाकीला टेकवून बांधलेलं पाचवं चाक. आत दोनच सीटा. आजीने पहिल्या दिवशी एवढंच विचारलं, “आणि आम्ही कुठे बसायचं?” याचं उत्तर मामाने अजून दिलेलं नाही.

पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ मध्ये व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. त्याखाली नोंदवलेली गाडी रोजच्या वापरात आणायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती आणि तांत्रिक संशोधन यासाठी रस्त्यावर काढता येते. मामाने नोंदणी केली, जुना नंबर कायम ठेवला आणि नियम पाठ केले. रविवारी सकाळी मामलेदार मिसळीपर्यंत जाणं कशात मोडतं असं मी विचारलं, तर म्हणाला, “संशोधनात.”

या संशोधनात काही वर्षांपासून व्यत्यय येत होता. टीसीचा काटा मैलांचा आहे. पूर्व द्रुतगती मार्गावर तो चाळिसाला टेकला, म्हणजे आपल्या ६५ किलोमीटरच्या आसपास, की स्टिअरिंग हातात थरथरायला लागे. समोर दांडीवर उभे असलेले दोन गोल दिवे नको नको म्हणत माना हलवू लागत. मामाने आधी टायर बदलले, मग स्टिअरिंगचा बॉक्स उघडला, मग किंगपिनवर, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीभोवती वळतं तिच्यावर, संशय घेतला. या गाडीला पुढे आख्खा सलग अॅक्सल आहे. एका चाकाला आलेली उचकी दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही, त्यामुळे संशयाला जागाही भरपूर. चाकांवर त्याचा संशय जात नव्हता, कारण चाकं दिसायला देखणी होती.

मी रबाळ्याच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. दिवसभर लोकांनी बनवलेल्या गोल वस्तू किती गोल नाहीत हे सांगणं हे माझं काम. माझ्या आग्रहाने चाकं बॅलन्सिंगला न्यायची ठरली. घोडबंदर रोडवरच्या एका दुकानात गेलो. काचेची वेटिंग रूम, कॉफीचं मशीन, लेझरची अलाइनमेंट, सगळं झकास. मुलाने चाक मशीनच्या दांड्यावर चढवलं, मागून एक शंकू, पुढून एक वाटी, वरून नट फिरवून आवळलं आणि बटण दाबलं. पडद्यावर ग्रॅम उमटले. इथे एवढं, तिथे एवढं. तो वजनं चिकटवायला निघाला.

मी म्हटलं, “थांब जरा. सोड ते चाक, दांड्यावर अर्धा फेरा फिरव आणि पुन्हा आवळ.”

त्याने केलं. आकडे वेगळे, जागाही वेगळी. पुन्हा सोडून पुन्हा लावलं, तर तिसरंच काहीतरी. “ताई, मशीन इम्पोर्टेड आहे,” तो म्हणाला. मशीन चांगलंच होतं, त्याबद्दल माझ्या मनात काही नव्हतं. साध्या पत्र्याच्या चाकाला मध्ये गोल भोक असतं आणि शंकू त्यात नेमका बसतो. इथे तो शंकू खाचांच्या तोंडाशी टेकत होता, जिथे फट आहे, जिथे झीज आहे आणि जिथे गाडीवर चाक कधी टेकतच नाही. दर वेळी ते किंचित वेगळ्या जागी बसत होतं. मशीन त्या चुकीच्या जागी बसलेल्या चाकाचं एकदम अचूक वजन सांगत होतं.

एकच वस्तू, एकच यंत्र, एकच माणूस. तरी आकडा बदलत असेल तर आधी वस्तू धरली कशी ते बघायचं. आमच्याकडे नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात हे शिकवतात, आणि तरी निम्म्या तक्रारींच्या मुळाशी हेच निघतं. आकड्यावर लोकांचा विश्वास इतका असतो की तो कुठून धरून काढला हे विचारणं त्यांना उद्धटपणा वाटतो. मला उलट वाटतं. आकडा सांगणाऱ्याने तो कशाला टेकवून मोजला हे आधी सांगावं, मग आकडा सांगावा. मुलाला हे सगळं सांगण्यात अर्थ नव्हता, त्याला रांगेतल्या गाड्या उरकायच्या होत्या. आम्ही चाकं परत आणली.

आणि बॅलन्सिंगच्या आधी आउट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा, काढायला हवा हेही आता उघड होतं. चाक डावीकडे-उजवीकडे लवत असेल किंवा वर-खाली उडत असेल, तर वजनं चिकटवून त्याचं फक्त वजन सारखं होतं. ते गोल होत नाही. रस्ता त्याला दर फेऱ्याला एक टपली मारतच राहतो.

ठाण्यात मोटारीच्या तारेच्या चाकांचा आउट काढणारं कुणी उरलेलं नाही. सायकलवाले आहेत. उथळसरला एक काका आहेत, त्यांच्या दुकानात एकेकाळी तासावर सायकली मिळायच्या. आता समोर डिस्कब्रेकच्या सायकली टांगलेल्या असतात, पण कोपऱ्यात आउट काढायचा तो जुना चिमटा अजून आहे. मी त्यांना भीत भीत विचारलं, “काका, गाडीचं चाक आहे. मोटारीचं.”

“तार आहे ना?”

“आहे.”

“मग काय!”

चाक त्यांच्या चिमट्यात मावणार नव्हतं, म्हणून ते एका रविवारी मामाच्या गॅरेजमध्ये आले. सोबत पाने, तेलाची कुपी, खडू आणि चष्म्याची दोरी. मी डायल गेज, म्हणजे बारीकसा फरकही सुईने दाखवणारं मोजमापाचं घड्याळ, घेऊन गेले होते, चुंबकाच्या स्टँडसकट. चाक कशावर चढवून फिरवायचं यावर मी आणि मामा बोलत होतो. भिंतीत ब्रॅकेट मारावं का, जुना अॅक्सल मिळेल का, वगैरे. काका ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, “गाडीवर हे कशावर बसतं?”

“हबवर.”

“तो हब आहे ना तिथं. त्याच्यावरच फिरवा की.”

गाडी जॅकवर घेतली, पुढच्या हबच्या बेअरिंगमधला झोल काढला (नाहीतर आपण चाक मोजतोय की बेअरिंग ते कळत नाही), ब्रेकचे शूज मागे घेतले, दोन्ही उतार रॉकेलने पुसून कोरडे केले आणि रिकामं चाक, टायर-ट्यूब-फ्लॅप सगळं उतरवलेलं, त्यावर नटाने आवळलं. आता ते जिथे धावतं तिथूनच धरलेलं होतं.

पुढचा अर्धा दिवस काका चाकाशी बोलत होते असं म्हणायला हरकत नाही. आधी त्यांनी पाना घेऊन एकेक तार नुसती वाजवली. ताणलेली तार टणटणते, सैल तार बदबदते. चाक सावकाश फिरवत फिरवत त्यांनी बदबदणाऱ्या तारांवर खडूने रेघा मारल्या. दोन तारा वाकापाशी तुटलेल्या निघाल्या. वरून जागच्या जागी दिसत होत्या, हात लावल्यावर डुगडुगल्या. मग निपलांना, म्हणजे तारेच्या रिमकडच्या टोकावरच्या छोट्या नटांना, तेल पाजून ठेवलं आणि चहा घेतला. आपल्याकडे खाडीची हवा, वर चार महिने पाऊस. तारेचा आटा आणि निपल एकमेकांना असे धरून बसतात की पाना फिरतो तेव्हा निपल फिरतोय की नुसती तार पिळली जातेय हे सांगता येत नाही. त्यावर काकांची युक्ती होती: तारेवर उभी खडूची रेघ. रेघ वळायला लागली की समजायचं तार पिळतेय. मग पाना थोडा जास्त न्यायचा आणि तेवढाच मागे आणायचा, म्हणजे पीळ उतरतो. तो राहिला तर पहिल्या दहा किलोमीटरमध्ये तार स्वतःच उलगडते आणि सगळी मेहनत पाण्यात.

घट्ट करण्याआधी सैल करायचं, ही त्यांची दुसरी शिस्त. रिम डावीकडे झुकली असेल तर नवशिका उजव्या तारा आवळत सुटतो. मग चाक सरळ होतं, पण ताण वाढत जातो. पुढच्या खेपेला पुन्हा वाढतो, आणि शेवटी निपलाची कड फुटते किंवा तारेचं टोक रिमच्या आत डोकावतं. काका आधी डावीकडच्या दोन-तीन तारा पाव फेरा सैल करायचे, मगच समोरच्या आवळायचे. बाजेची सुतळी ओढणाऱ्या माणसाला हे सांगावं लागत नाही. एका टोकाला ताण दिला की तो कुठून आला हे त्याला माहीत असतं.

वर-खालीचं वेगळं. जिथे रिम बाहेर उडते तिथल्या दोन्ही बाजूंच्या तारा सारख्याच आवळायच्या, आणि समोरच्या अंगाच्या तेवढ्याच सोडायच्या. पण एकीकडे उडणं काढलं की दुसरीकडे लवणं वाढतं, म्हणून दोन्ही आळीपाळीने, थोडं थोडं. टीसीच्या चाकात लांब आणि आखूड अशा दोन जातींच्या तारा आहेत, हबच्या दोन टोकांवरून येणाऱ्या. दोघींचा पाव फेरा सारखं काम करत नाही. हे काकांना कुणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्या चाकाच्या मध्यावर ते आपण होऊन म्हणाले, “ह्या मोठ्या आळशी आहेत. ह्यांना जरा जास्त द्यायला लागतं.”

मी गेज लावलं ते रिमच्या बाहेरच्या ओठाला नाही. तो ओठ आजवरच्या पंक्चरवाल्यांच्या टॉमीने, म्हणजे टायर उचकटायच्या पट्टीने, जागोजागी चेपलेला होता. त्यावर सुई ठेवली तर चाकाऐवजी टॉमीचा इतिहास मोजला गेला असता. टायरचा काठ जिथे बसतो ती आतली पट्टी, तिथे सुई टेकवली. सुरुवातीला बाजूचा आउट तीन मिलिमीटरच्या वर होता. दुपारी तो एकच्या आत आला. काका मात्र सुईकडे बघतच नव्हते. ते जॅकच्या दांडीला खडू टेकवून चाक फिरवत आणि खडू कुठे लागतो, कुठे नाही, एवढंच बघत.

एका जागी सुई दर फेऱ्याला टचकन उडी मारायची. मी दाखवलं. त्यांनी अंगठा फिरवला आणि म्हणाले, “सांधा आहे.” रिम पट्टीतून वळवून जोडलेली असते, तो जोड. तिथला उंचवटा बोटभर लांबीचा, तारेने जाणारा नव्हे. त्याच्या मागे लागलं असतं तर त्या एका बोटासाठी हातभर रिम वाकडी झाली असती. आमच्या कामात असं आकड्यातून डोळसपणे वगळण्याला फार हिंमत लागते, कारण कागदावर तो आकडा राहतोच आणि कुणीतरी त्यावर लाल गोल करतं.

अर्ध्या मिलिमीटरपर्यंत न्यावं असं मला वाटत होतं. या चाकांना साधारण दीड मिलिमीटरपर्यंतचा आउट चालतो, पण हाताशी गेज असलं की हाव सुटते. काका म्हणाले, “ताई, वर टायर चढणार आहे ना?” चढणारच होता. नवीन टायरसुद्धा एक-दीड मिलिमीटर इकडे-तिकडे असतो. पाना खाली ठेवला.

नंतरची कामं हमाली होती. निपलाच्या बाहेर आलेली तारांची टोकं कानशीने सपाट केली, कारण या चाकात ट्यूब लागतेच. तारांच्या भोकांतून हवा निघून जाते, आणि टोकदार तार म्हणजे घरचंच पंक्चर. वर फ्लॅपची पट्टी, ट्यूब आणि रिमच्या मध्ये. टायर चढवताना त्याची उंच बाजू रिमच्या खोलगट बाजूवर आणली. साबणाचं पाणी, हवा, पुन्हा सोडून पुन्हा हवा.

क्रोमचाही विषय निघाला. चाकं उघडलीच आहेत तर तारा चमकवून घेऊ, असं मामाच्या मनात. टीसीची चाकं मुळात चंदेरी रंगाची असत, पण रॅलीत लखलखती चाकं बघून त्याची नियत फिरली होती. मी कडाडून विरोध केला. क्रोम चढवताना अॅसिडात आणि प्लेटिंगच्या टाकीत हायड्रोजन पोलादाच्या आत शिरतो, आणि ताणाखाली असलेलं कणखर पोलाद मग काहीही न सांगता तुटतं. प्लेटिंग झाल्या झाल्या १९० ते २२० अंशांवर काही तास भाजलं तर तो निघतो. पण आपल्या तारा कुणीतरी इतक्या नीट भाजेल याची हमी कोण देणार? मामाने रंगावर समाधान मानलं. अजून अधूनमधून उसासतो.

बॅलन्सिंग आधी घरच्या घरी केलं, त्याच हबवर. बेअरिंग मोकळं, ब्रेक मोकळे. चाकाला हलकासा धक्का द्यायचा आणि ते कुठे थांबतं बघायचं. दर वेळी तीच जागा खाली येत असेल तर ती जड. समोरच्या बाजूला वजन लावत जायचं, जोवर ते कुठेही उभं राहायला तयार होत नाही तोवर. वजन म्हणून निपलाजवळ तारेभोवती घट्ट गुंडाळलेली शिशाची तार. टीसीची रिम जेमतेम अडीच इंच रुंद, त्यामुळे आतल्या-बाहेरच्या बाजूचा फरक असून असून किती असणार. अशा चाकाचं बरंचसं काम या एका साध्या रीतीने होतं.

तेवढ्याशा शिशाने काय होतं असं मामा विचारत होता, म्हणून त्याला गणित करून दाखवलं. या रिमच्या कडेला ३० ग्रॅम जास्त असतील तर ताशी ४० किलोमीटरला ते चाकाला पाऊण किलोच्या जोराने बाहेर ओढतात. वेग दुप्पट केला की जोर चौपट: ताशी ८० ला ३ किलो, तोही सेकंदाला सुमारे दहा वेळा, कधी वर कधी खाली. मामाने कागद घडी करून गाडीच्या खणात ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो.

तरीही मला मशीनवर एकदा खात्री करायचीच होती. त्यासाठी चाक धरायचे दोन शंकू हवे होते, हबच्या आणि नटाच्या उताराला अगदी जुळणारे. वागळे इस्टेट एमआयडीसीच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी, १९६२ नंतरच्या दिवसांतली. आता तिथे काचेच्या इमारती आणि कॉल सेंटरच्या बस दिसतात, पण मागच्या गल्ल्यांत लेथचे गाळे अजून घरघरतात. एका गाळ्यातल्या तरुणाने मामाकडचा जास्तीचा नट समोर ठेवून उतार काढला, दोन शंकू वळले आणि म्हणाला, ब्लू मारून बघा. शंकूवर निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, चाकात बसवून किंचित फिरवायचं. रंग जिथे लागला तिथेच टेकतंय. पहिल्यांदा अर्धचंद्र उमटला. त्याने पुन्हा हलका कट घेतला. मग पूर्ण वर्तुळ उमटलं, सलग.

हे शंकू घेऊन आम्ही पुन्हा त्याच दुकानात गेलो. तोच मुलगा. चाक चढवलं, बटण दाबलं. सोडलं, अर्धा फेरा फिरवलं, पुन्हा आवळलं, पुन्हा बटण. आकडा जागचा हलला नाही. मुलगा शंकू हातात घेऊन उलटसुलट बघत राहिला आणि म्हणाला, “हे इथे ठेवून जाता का? बुलेटवाले पण येतात.” बुलेटच्या चाकाला हे बसणार नाहीत हे सांगितलं, तर जरा खट्टू झाला. शिशाच्या तारेत थोडीशी भर घालावी लागली, बस.

उथळसरच्या काकांनी पैसे सांगितले ते त्रैराशिकाने. सायकलच्या ३६ तारांचे अमुक, तर ४८ तारांचे किती? मामा म्हणाला, “अहो, दिवस गेला तुमचा, आणि ही मोटार आहे.” काका म्हणाले, “साहेब, तारेला काय माहीत?” शेवटी पाचव्या चाकाचेही पैसे घ्यायला तयार झाले, ते धड वाजवूनसुद्धा पाहिलेलं नव्हतं तरी. मग तेवढ्यासाठी पुढच्या रविवारी आले आणि तेही करून गेले. मिसळ मामाने खिलवली, तीही संशोधनाच्या खात्यावर.

पहाटे ऐरोली पुलावरून जाऊन आलो. चाळीस मैल, पंचेचाळीस, दिवे माना ताठ ठेवून. परतल्यावर नट पुन्हा ठोकून बघितले, पहिल्या फेरीनंतर ते बघावेच लागतात. डावा पुढचा थोडा आवळला गेला. मागच्या उजव्या चाकाचं मात्र एक काम बाकी आहे. क्लच सोडला की ते ‘टक्’ करतं, ब्रेक लावला की पुन्हा ‘टक्’. खाचा झिजल्यात. तारा आवळून किंवा शिसं गुंडाळून ते जाणार नाही. हब बदलायचा तर चाकाच्या आतल्या खाचाही तेवढ्याच झिजलेल्या. नुसता नवा हब घातला तर जुनं चाक त्याला लवकरच खाऊन टाकेल, म्हणजे दोन्ही एकदम बदलायला हवं. मामाने इंग्लंडहून भाव मागवला, ईमेल वाचला आणि लॅपटॉप मिटला. काकांना विचारलं तर म्हणाले, हे लेथवाल्याचं. लेथवाला म्हणाला, हब काढून आणा, दात मोजल्याशिवाय मी काही बोलणार नाही. मला हा माणूस आवडला. तोवर खाचांना ग्रीस लावलंय, आणि मामा क्लच सोडताना पाय असा काही हळू उचलतो की मागचे रिक्षावाले पेटतात.